सामायिक सर्व्हरवरील पंक्तिप्रपंच : थिन क्लायंट प्रयोगशाळेतील सेशन आणि संसाधनवाटपाची चिकित्सा

'सर्व्हर स्लो आहे' हे महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेतील सर्वाधिक उच्चारले जाणारे वाक्य असावे. विद्यार्थी ते तक्रार म्हणून उच्चारतो, प्रयोगशाळा सहायक स्पष्टीकरण म्हणून, तर विभागप्रमुख नव्या खरेदीच्या प्रस्तावाची प्रस्तावना म्हणून. या वाक्याचा कर्ता 'सर्व्हर' आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कर्ता यंत्र असल्यामुळे दोषही यंत्राचा ठरतो, आणि यंत्राच्या दोषावर यंत्र बदलणे हाच उपाय उरतो. वस्तुतः अनेक विद्यार्थी एकाच सर्व्हरवर काम करीत असताना कोणाला किती वेळ, किती मेमरी व किती जागा मिळावी हा वाटपाचा प्रश्न असतो. वाटप कोणीतरी ठरवलेले असते किंवा कोणीच ठरवलेले नसते. दुसऱ्या स्थितीतही वाटप होतच असते. फक्त त्याची जबाबदारी कोणाकडे नसते. प्रस्तुत लेखात या न ठरवलेल्या वाटपाची, तसेच ते ठरवण्यासाठी संगणकशास्त्राने सुचवलेल्या न्यायाच्या कल्पनांची, नागपूर परिसरातील महाविद्यालयीन परिस्थितीच्या संदर्भात चिकित्सा केली आहे.

थिन क्लायंट या रचनेत विद्यार्थ्यासमोर पडदा, कळफलक, माउस आणि नाममात्र क्षमतेचे एक छोटे यंत्र एवढेच असते. प्रत्यक्ष प्रोग्रॅम दूरच्या सर्व्हरवर चालतात. विद्यार्थ्याच्या टेबलावर त्यांचे केवळ चित्र येते आणि तेथून कळा दाबल्याची वर्दी परत जाते. सिट्रिक्स कंपनीचे विनफ्रेम १९९५ मध्ये आले, मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती १९९८ मध्ये काढली, आणि १९९९ मध्ये जिम मॅकक्विलन यांनी लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजे एलटीएसपी, सुरू केला. या तिसऱ्या प्रकल्पामुळे जुने, टाकाऊ ठरलेले संगणकही टर्मिनल म्हणून पुन्हा उपयोगात येऊ लागले. गोव्यातील शाळांसाठी परदेशांतून जुने संगणक आणण्याचा जो उपक्रम २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चालला, त्यात हाच मार्ग वापरला गेला. पुढे एका साध्या संगणकाला अनेक पडदे जोडणारी एनकम्प्युटिंगसारखी साधने आंध्र प्रदेशातील हजारो शाळांसाठी घेतली गेली. या सर्व प्रयत्नांचे समर्थन एकाच भाषेत झाले : प्रति आसन खर्च किती कमी. ही भाषा खोटी नव्हती. विदर्भात तर तिला आणखी दोन स्थानिक आधार होते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि चाळीस पूर्ण संगणकांची उष्णता सोसणारी वातानुकूलन व्यवस्था प्रत्येक महाविद्यालयाला परवडत नाही. दुसरा आधार विजेचा. २००० च्या दशकात भारनियमन हा विदर्भातील दिनक्रमाचाच भाग होता. कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक केंद्रांच्या चिमण्या दिसतील इतक्या अंतरावरच्या गावांतही तो चुकला नाही, हा त्या काळाचा एक कडवट विनोद. सर्व चाळीस संगणकांना बॅटरीचा आधार देण्यापेक्षा एका सर्व्हरला देणे सोपे होते.

प्रति आसन खर्चाच्या हिशेबात मात्र आसनाची किंमत होती. त्या आसनावर बसणाऱ्याला सर्व्हरचा किती वाटा मिळेल, हा रकाना नव्हता.

येथे शब्दांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. 'सेशन' या शब्दाला परिभाषाकोशाच्या धाटणीचा 'सत्र' हा प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु महाविद्यालयात 'सत्र' म्हणजे सहा महिन्यांचा शैक्षणिक कालखंड. त्याची सुरुवात, शेवट आणि परीक्षा विद्यापीठाच्या वेळापत्रकात छापलेली असते. सर्व्हरवरील सेशनचे नेमके उलटे आहे : ते विद्यार्थी लॉगिन करतो तेव्हा सुरू होते, पण ते संपते केव्हा हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते. म्हणून येथे 'सेशन' हाच शब्द ठेवला आहे.

रांग, कोटा आणि कोटा मोडणारा

संगणक वाटून घेण्याची गरज आजची नाही. संगणक स्वस्त होण्यापूर्वी ती सर्वत्र होती. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला, आणि देशभरातील संस्था व विद्यापीठांचे संशोधक त्यावर आपली गणिते करून घेऊ लागले. ती व्यवस्था रांगेची होती : कार्डांचा गठ्ठा द्यावा, आपली पाळी येईपर्यंत थांबावे आणि छापील उत्तर घेऊन जावे. एकाच वेळी अनेकांना यंत्रासमोर बसवण्याचा प्रयोग त्याआधीच, १९६१ मध्ये, अमेरिकेतील एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करून दाखवला होता. सीटीएसएस या त्यांच्या प्रणालीत यंत्राचा वेळ बारीक तुकड्यांत कापून प्रत्येकाला आळीपाळीने दिला जाई. ज्याचे काम छोटे, त्याला लवकर पाळी. ज्याचे काम लांबत जाई, तो हळूहळू खालच्या रांगेत सरके.

या प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याला वेळेचा कोटा होता, आणि त्यासोबत कोटा मोडण्याची इच्छाही जन्मली. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत. त्याला ते पुरत नव्हते. १९६२ मध्ये त्याने सर्वांच्या पासवर्डची फाइल छापून मिळण्याची विनंती एका कार्डाद्वारे केली आणि ती छापून मिळालीही. दुसऱ्यांच्या नावाने लॉगिन करून त्याने आपले काम पूर्ण केले, आणि कित्येक दशकांनंतर ते स्वतःच सांगितले. गंमत अशी की त्याच्या प्रबंधाचा विषय वेळ वाटून घेणाऱ्या संगणक प्रणालींचे विश्लेषण हाच होता. ही हकीकत सुरक्षेच्या इतिहासात पासवर्डचोरी म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती वेगळी वाचावी लागते. शेरला दुसऱ्यांची माहिती नको होती, त्यांच्या वाट्याचा वेळ हवा होता. वाटप गरजेशी जुळले नाही की वापरकर्ता वाटपाभोवती वाट काढतो; प्रयोगशाळेत मित्राचा लॉगिन मागून घेणारा विद्यार्थी याच परंपरेतला आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासक्रमात हा भाग नियमितपणे शिकवला जातो. सिल्बर्शात्झ व गॅल्विन यांच्या सर्वपरिचित पाठ्यपुस्तकात एक ऐकीव गोष्ट नोंदवलेली आहे : एमआयटीतील आयबीएम ७०९४ संगणक १९७३ मध्ये बंद करताना त्यात १९६७ मध्ये दिलेले एक कमी प्राधान्याचे काम सापडले, जे तोवर सुरूच झाले नव्हते. वर्गात ती सांगितली की विद्यार्थी हसतात आणि 'स्टार्व्हेशन' ही संज्ञा कायमची लक्षात राहते. आयआयटी मुंबईत प्राध्यापक राहिलेले धनंजय ढमढेरे यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरील पुस्तकाने याहून महत्त्वाची एक मांडणी केली आहे. ऑपरेटिंग सिस्टिमची उद्दिष्टे त्यांनी तीन सांगितली : साधनांचा कार्यक्षम वापर, वापरकर्त्याची सोय, आणि एकाच्या कामात दुसऱ्याचा अडथळा न होणे. पहिली दोन उद्दिष्टे परस्परांना ताणतात, हे ते स्पष्ट करतात. थिन क्लायंट प्रयोगशाळेच्या चिकित्सेला याहून नेमकी कसोटी मिळणे अवघड आहे. खरेदीच्या वेळी पहिल्या उद्दिष्टाची गणना होते, उद्घाटनाच्या भाषणात दुसऱ्याची. तिसऱ्याची आठवण कोणाचे तरी काम नाहीसे झाल्यावर होते.

वाढपी पानाकडे पाहतो की माणसाकडे

मराठीत अन्यायी वाटपासाठी एक अचूक शब्द आहे : पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी कोणाला तूप वाढावे आणि कोणाला वगळावे, हा तो दोष. संगणकशास्त्रातील 'राउंड रॉबिन' पद्धत म्हणजे पंगतीतील निष्पक्ष वाढपीच. तो ओळीने जातो आणि प्रत्येक पानावर सारखेच वाढतो. पण या वाढप्याला माणसे दिसत नाहीत, केवळ पाने दिसतात. ज्याने आपल्यासमोर नऊ पाने मांडली, त्याला नऊ वेळा वाढले जाते.

हे उदाहरण काल्पनिक वाटू नये. प्रोसेसरचा वेळ प्रक्रियांमध्ये समान वाटला, एका विद्यार्थ्याने नऊ प्रक्रिया चालवल्या आणि दुसऱ्याने एक, तर पहिल्याला नव्वद टक्के आणि दुसऱ्याला दहा टक्के वेळ मिळतो. सर्व्हरच्या दृष्टीने यात कोणताही अन्याय घडलेला नसतो. लिनक्समध्ये २००७ साली आलेल्या शेड्यूलरच्या नावातच 'कम्प्लीटली फेअर' हे शब्द होते. पण 'फेअर' कोणाशी, तर प्रक्रियांशी. २०११ च्या आवृत्तीत सेशननिहाय गट करण्याची सोय आली. तेव्हा एक टर्मिनल म्हणजे एक वाटा झाला, पण ज्याने दोन टर्मिनल उघडले त्याला दोन वाटे. वापरकर्त्यानुसार गट करण्याची यंत्रणा लिनक्सच्या गाभ्यात २००८ पासून कंट्रोल ग्रुप्स या नावाने उपलब्ध होती. पुढे सिस्टिमडीने प्रत्येक लॉगिन केलेल्या वापरकर्त्यासाठी असा गट आपोआप तयार करण्यास सुरुवात केली आणि प्रत्येक गटाला समान वजन दिले. विंडोज सर्व्हर २००८ च्या आर२ आवृत्तीतही सेशनांमध्ये प्रोसेसर समान वाटण्याची सोय आली. म्हणजे ज्या दोषाची तक्रार आजही ऐकू येते, त्यातील प्रोसेसरपुरत्या भागावर कित्येक वर्षांपासून उपाय आहे. पुष्कळ ठिकाणी तो केवळ सुरू केलेला नसतो, किंवा सुरू असूनही निष्प्रभ झालेला असतो.

निष्प्रभ होण्याचे कारण तांत्रिक नाही. अनेक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना स्वतंत्र लॉगिन दिलेच जात नाही. सर्व विद्यार्थी 'स्टुडंट' या एकाच नावाने, भिंतीवर चिकटवलेल्या एकाच पासवर्डने प्रवेश करतात. दरवर्षी शेकडो नावे भरणे, विसरलेले पासवर्ड बदलून देणे आणि गेलेल्यांची नावे काढणे हे काम जिकिरीचे असते. विनाअनुदानित अभ्यासक्रमांत कंत्राटी नेमणुकीवर असलेल्या एकट्या सहायकाकडून त्याची अपेक्षा करणे कितपत न्याय्य, हा प्रश्नही रास्त आहे. परंतु सामायिक लॉगिनने संपूर्ण रचनेचा पायाच काढून घेतला जातो. वापरकर्त्यानुसार वाटा द्यायचा, तर सर्व्हरच्या दृष्टीने तेथे एकच वापरकर्ता असतो. डिस्कचा कोटा घालावा, तर तो चाळीस जणांचा मिळून एक. कोणी दुसऱ्याची फाइल पुसली, तर ती पुसणारा आणि जिची पुसली गेली ती, दोघेही 'स्टुडंट'. विंडोजच्या टर्मिनल सेवेत एका वापरकर्त्याला एकच सेशन देण्याचे बंधन असेल, तर दुसऱ्या विद्यार्थ्याने लॉगिन करताच पहिल्याचा पडदा त्याच्या हातून जातो. मग ते बंधन काढले जाते आणि त्याबरोबर वीज गेल्यानंतर आपल्याच सेशनमध्ये परतण्याची हमीही जाते. भारनियमनाच्या प्रदेशात थिन क्लायंटचा सर्वांत मोठा लाभ हाच होता : टेबलावरील यंत्र बंद पडले तरी बॅटरीवरील सर्व्हरमध्ये काम तसेच उघडे राहते, आणि वीज आल्यावर विद्यार्थी कोणत्याही पडद्यावरून ते पुन्हा हाती घेऊ शकतो. सामायिक लॉगिनमुळे त्याच्या हाती येते ते बहुधा दुसऱ्याच कोणाचे काम.

सिडनीचा न्याय आणि काटोलची बस

वापरकर्त्यांमध्ये न्याय्य वाटप कसे करावे, या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर एका विद्यापीठातूनच आले. सिडनी विद्यापीठातील ज्युडी के आणि पिअर्स लॉडर यांनी १९८८ मध्ये 'फेअर शेअर' शेड्यूलरवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. पदवीचे विद्यार्थी आणि अध्यापक एकच यंत्र वापरतात, स्वाध्याय देण्याची तारीख जवळ आली की सगळे एकदम तुटून पडतात, ही त्यांची परिस्थिती कोणत्याही प्राध्यापकाला परिचित वाटेल. त्यांच्या मांडणीत प्रत्येक वापरकर्त्याचा हक्काचा वाटा असतो आणि त्याने अलीकडे केलेल्या वापराचा हिशेब ठेवला जातो. जास्त वापरणाऱ्याचा वेग मंदावतो. पण हा हिशेब काळानुसार विरत जातो, त्यामुळे जुना अतिवापर कायमचा अंगावर राहत नाही. गर्दीच्या वेळी आकार जास्त आणि आडवेळी कमी ठेवून विद्यार्थ्याला नियोजनाची सवय लावण्याचाही त्यात प्रयत्न आहे. या मांडणीची प्रतिष्ठा योग्यच आहे. सर्व्हर माणसांसाठी आहे, प्रक्रियांसाठी नाही, हे तिने स्वच्छपणे सांगितले. ढमढेरे यांची तिसरी कसोटीही ती बऱ्याच अंशी उतरते.

मात्र ही मांडणी नागपुरात आणली की तिच्यातील एक गृहीतक उघडे पडते. अलीकडे अधिक वापर करणारा तो आपल्या वाट्यापेक्षा अधिक घेणारा, असे ती मानते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अधिक वापर कोण करतो? ज्याच्या घरी लॅपटॉप आहे, तो स्वाध्याय घरी करून पेन ड्राइव्हवर आणतो आणि प्रयोगशाळेत दहा मिनिटे बसतो. बीसीसीए किंवा बीएस्सीच्या वर्गातील ज्या विद्यार्थिनीकडे प्रयोगशाळेतील पडद्याखेरीज दुसरा संगणक नाही, तिचा सगळा अभ्यास त्याच सर्व्हरवर होतो. वापराच्या नोंदीत ती 'अतिवापर करणारी' ठरते आणि तिचा वेग मंदावला जातो. गरजेचा आणि हव्यासाचा वापर नोंदीत सारखाच दिसतो. फेअर शेअरचे गणित बिनचूक राहते आणि न्याय उलटा होतो.

आडवेळेच्या सवलतीचेही तसेच. रात्री किंवा सकाळी लवकर यंत्र मोकळे असते, हे खरे. पण काटोल, उमरेड किंवा रामटेककडून एसटीच्या पासवर ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला सकाळची आडवेळ मिळत नाही आणि संध्याकाळची परवडत नाही, कारण शेवटची सोयीची बस गाठायची असते. आडवेळेचा लाभ वसतिगृहात आणि शहरात राहणाऱ्यांना मिळतो. मुलींच्या बाबतीत घरून येणारी वेळेची मर्यादा आणखी आधी संपते. ही सवलत सर्वांना खुली असूनही अंतराच्या हिशेबाने वाटली जाते. के आणि लॉडर यांच्यावर याचा दोष टाकता येणार नाही. त्यांनी आपल्या विद्यापीठासाठी विचार केला. दोष असलाच, तर दुसऱ्याच्या परिस्थितीत घडलेली सेटिंग आपल्या परिस्थितीत जशीच्या तशी लावण्याचा आहे. जेथे तीही लावली जात नाही, तेथे तर विचारच झालेला नसतो.

याला पर्याय म्हणून सर्वांना सदैव समान वाटा देणे हा मार्ग सुचवला जाईल. तो सोपा आहे आणि पुष्कळ अंशी पुरेसाही आहे. परंतु महाविद्यालयाचा दिवस समान नसतो. दुपारी एक ते तीन प्रात्यक्षिकाची तुकडी असते आणि त्याच सर्व्हरवर कार्यालयाची प्रवेशप्रक्रिया चालू असते. ग्रंथालयातील दोन टर्मिनलही त्यालाच जोडलेले असतात. त्या दोन तासांत प्रात्यक्षिकाच्या गटाचे वजन वाढवणे आणि बाकीच्यांचे कमी करणे तांत्रिकदृष्ट्या एका ओळीचे काम आहे. ते होत नाही, कारण कार्यालयाचा वेग कमी करण्याचा अधिकार प्रयोगशाळा सहायकाला नसतो आणि ज्याला असतो त्याला ही ओळ ठाऊक नसते.

रिकामा बसलेला कोण

सेशन व्यवस्थापनातील सर्वांत वादग्रस्त निर्णय म्हणजे निष्क्रिय सेशन केव्हा बंद करावे. सोडून दिलेली सेशने मेमरी अडवून बसतात हे उघड आहे. विंडोजच्या टर्मिनल सेवेत व्यवस्थापकाने मर्यादा घातली नाही, तर तुटलेले सेशन अनिश्चित काळ जिवंत राहते. सोमवारी पडदा बंद करून गेलेल्या तुकडीची उघडी पाने शुक्रवारीही सर्व्हरवर असतात. लिनक्सच्या बाजूने २०१६ मध्ये सिस्टिमडीने लॉगआउट होताच वापरकर्त्याच्या सर्व प्रक्रिया बंद करण्याचे धोरण मूळ सेटिंग म्हणून आणले, तेव्हा दीर्घ गणिते पार्श्वभूमीत चालवणाऱ्यांनी तीव्र हरकत घेतली आणि प्रमुख वितरणांनी ती सेटिंग उलटवली. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते. प्रयोगशाळेत विसरलेली प्रक्रिया म्हणजे कचरा; संशोधन केंद्रात तीच कोणाच्या तरी पीएच.डी.चे प्रकरण असू शकते.

पण 'निष्क्रिय' हा शब्दच तपासून पाहण्यासारखा आहे. सर्व्हरच्या दृष्टीने ज्याने काही मिनिटे कळ दाबली नाही तो निष्क्रिय. प्रात्यक्षिकाच्या वहीत फ्लोचार्ट काढणारा, शेजारणीला पॉइंटर समजावून सांगणारा, शिक्षक फळ्याजवळ बोलत असल्याने हात थांबवून बसलेला, असा प्रत्येक विद्यार्थी या व्याख्येत निष्क्रिय ठरतो. शिकवण्याचा तास जितका चांगला, तितकी निष्क्रियता अधिक, असेही म्हणता येईल. दहा मिनिटांची मर्यादा घातलेल्या प्रयोगशाळेत शिक्षकाने बारा मिनिटे मन लावून समजावले की अर्धा वर्ग बाहेर फेकला जातो.

याच्या नेमके उलट उदाहरण टर्बो सीचे. भारतीय महाविद्यालयांत ते आपल्या काळानंतरही कित्येक वर्षे शिकवले गेले. हा डॉसच्या काळातील प्रोग्रॅम. त्या काळी यंत्र एकट्याचेच असे, त्यामुळे कळ दाबली गेली का हे तो अखंड विचारत राहतो. वाट पाहणे म्हणजे थांबणे, हे त्याला माहीत नाही. एकट्याच्या संगणकावर याने फारसे बिघडत नव्हते. सामायिक सर्व्हरवर वीस विद्यार्थ्यांनी टर्बो सी उघडून नुसते पडद्याकडे पाहिले, तरी वीस प्रक्रिया प्रोसेसर जाळत राहतात. म्हणजे विचार करणारा विद्यार्थी यंत्राच्या लेखी रिकामा, आणि काहीच न करणारा प्रोग्रॅम यंत्राच्या लेखी अतिव्यग्र. अशा ठिकाणी नवा प्रोसेसर घेण्याऐवजी जीसीसीसारखा आधुनिक कंपायलर स्वीकारणे हा संसाधन व्यवस्थापनाचा सर्वांत स्वस्त उपाय होता. तो अभ्यास मंडळांच्या हाती होता, खरेदी समितीच्या नव्हे.

मेमरीचा हिशेब

प्रोसेसरचा वाटा कमी पडला तर काम मंदावते. मेमरी कमी पडली तर काम मरते. हा फरक प्रयोगशाळेच्या नियोजनात क्वचितच दिसतो. समजा सर्व्हरवर १६ जीबी मेमरी आहे, चाळीस टर्मिनल आहेत आणि सर्व्हरच्या स्वतःच्या कामांसाठी २ जीबी बाजूला ठेवली. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला साधारण ३५८ एमबी येते. साधा शब्दप्रक्रियक आणि सीचा कंपायलर एवढ्यावर समाधान मानणाऱ्या २००५ च्या तुकडीला ती पुरली असती. आजचा ब्राउझर दोन-तीन पाने उघडताच याच्या कितीतरी पुढे जातो. जावाचे आधुनिक संपादक तर उघडतानाच तेवढी मागतात. टर्मिनल तेच, सर्व्हर तोच, फक्त वापरायचे प्रोग्रॅम बदलले. वाटा न बदलता पाने मोठी झाली.

मेमरी पूर्ण संपली की लिनक्सचा गाभा एक प्रक्रिया निवडून मारतो. निवडीचा मुख्य निकष असतो कोण सर्वाधिक मेमरी धरून आहे. व्यवस्थापकाने प्रत्येक वापरकर्त्यावर मेमरीची कमाल मर्यादा घातली असेल, तर मर्यादा ओलांडणाऱ्याचेच काम मारले जाते. ती मर्यादा आपोआप नसते, घालावी लागते. घातली नसेल तर एकाच्या वीस उघड्या पानांची शिक्षा सर्व्हरवरील डेटाबेसला, म्हणजे पर्यायाने संपूर्ण तुकडीला होऊ शकते. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी बहिःस्थ परीक्षकासमोर असे घडले, तर विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेवर 'प्रोग्रॅम चालला नाही' एवढीच नोंद होते. तो का चालला नाही, याचा रकाना गुणपत्रिकेत नाही.

जाळ्याच्या वाहिनीचाही असाच हिशेब आहे. १०२४ बाय ७६८ ठिपक्यांच्या पडद्यावर, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरून, सेकंदाला २५ चित्रे न दाबता पाठवायची झाली तर सुमारे ३१४ मेगाबिट प्रति सेकंद लागतात. शंभर मेगाबिटच्या वाहिनीत एका विद्यार्थ्याचे चलच्चित्रही मावत नाही. दाब देण्याच्या तंत्राने हा आकडा पुष्कळ खाली येतो. पण तो दाबही सर्व्हरच्या प्रोसेसरलाच द्यावा लागतो. एलटीएसपीच्या कर्त्यांनी कालांतराने या वास्तवाचा स्वीकार केला. २०१९ मध्ये नव्याने लिहिलेल्या आवृत्तीचा भर टर्मिनलवरच प्रोग्रॅम चालवण्यावर आहे. सर्व्हर केवळ प्रणाली आणि फायली पुरवतो. ज्या प्रकल्पाने पातळ टर्मिनलचा प्रसार केला, त्यानेच त्यांना जाड केले. महाविद्यालयांच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे, पण अर्धीच : लॉगिन, फायली आणि कोटा अजूनही सामायिकच राहतात.

मोजणी कशाची

नॅकच्या स्वमूल्यमापन अहवालांत विद्यार्थी-संगणक गुणोत्तर मागितले जात आले आहे. त्यामुळे महाविद्यालये संगणक मोजतात, आणि मोजले जाते तेच वाढवले जाते. चाळीस थिन क्लायंट एका अपुऱ्या सर्व्हरला जोडले काय किंवा पुरेशा सर्व्हरला जोडले काय, गुणोत्तर बदलत नाही. खरी माहिती द्यायची तर एकाच वेळी किती सेशन सुसह्य वेगाने चालतात, एका विद्यार्थ्याला किमान किती मेमरी मिळते आणि आठवड्यातून किती वेळा सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो, हे नोंदवावे लागेल. हे आकडे मिळवणे अवघड नाही. सर्व्हर ते स्वतःच लिहून ठेवतो, ते वाचणारा हवा.

तोवर वाटपाचा खरा अधिकारी प्रयोगशाळा सहायकच राहतो. तक्रार आली की तो आपल्या पडद्यावर सेशनांची यादी उघडतो, सर्वांत वर दिसणारे नाव निवडतो आणि ते बंद करतो. त्याचा न्याय तात्कालिक असतो, पण आंधळा नसतो. कोणाची परीक्षा आहे, कोण गाणी ऐकतो आहे, कोणाकडे घरी संगणक नाही, हे त्याला ठाऊक असते. कोणत्याही शेड्यूलरकडे ही माहिती नाही. त्याच्याकडे नाही तो लेखी आधार. विभागाच्या बैठकीत प्रात्यक्षिकाच्या वेळी कोणत्या गटाला प्राधान्य, निष्क्रियतेची मर्यादा तासिकेपेक्षा कमी नसावी, बंद करण्यापूर्वी पाच मिनिटे आधी सूचना, प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन आणि प्रवेशाच्या वेळीच त्याची नोंद, एवढे ठरले तर त्याचा अंदाज नियमात उतरू शकेल, आणि ज्याचे सेशन बंद होईल त्याला कारण विचारता येईल.

सध्या बहुतेक प्रयोगशाळांच्या दारावर चपला बाहेर काढण्याची, पेन ड्राइव्ह विचारून लावण्याची आणि शांतता राखण्याची सूचना लावलेली असते. सेशन किती वेळाने बंद होईल, एकाला किती मेमरी मिळेल आणि काम गेल्यास कोणाला सांगावे, हे मात्र तेथे लिहिलेले आढळत नाही.